रहस्य फुटलं ते श्वासातून: एका रहस्य कादंबरीच्या ऑडिओबुकचा प्रकरण अभ्यास

‘निवेदन अप्रतिम, कथा मात्र अंदाज येण्यासारखी.’

ऑडिओबुक येऊन तीन आठवडे झाले होते आणि श्रोत्यांच्या अभिप्रायांत हाच सूर पुन्हा पुन्हा लागत होता. कुणी लिहिलं होतं, ‘नवव्या प्रकरणातच कळलं.’ कुणी, ‘शेवटी धक्का बसायला हवा होता, तो बसलाच नाही.’ वाचणारीचं तोंडभरून कौतुक आणि लेखकाच्या पदरात निराशा.

मला हे पटेना, कारण हीच कादंबरी छापील रूपात त्याआधी दोन वर्षं लोक वाचत होते आणि त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. लेखकाला आलेली पत्रं मी पाहिली होती. शेवट वाचून झाल्यावर कित्येकांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं होतं, हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही म्हणून. ऑडिओसाठी आम्ही मजकुराचा एक शब्द बदललेला नव्हता. मग कागदावर जे गुपित अठ्ठावीस प्रकरणं टिकलं, ते कानात नऊच प्रकरणं का टिकलं?

या ऑडिओबुकचं दिग्दर्शन माझं होतं, त्यामुळे उत्तर शोधणंही माझ्याच वाट्याला आलं. पुस्तकाचं नाव इथे देत नाही. खुनी कोण हे उघड केल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, आणि ज्यांनी ते अजून ऐकलेलं नाही त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही.

लेखकानं काय दडवलं होतं

कादंबरीत एकतीस प्रकरणं आहेत. तपासाची सगळी कथा तृतीय पुरुषात चालते आणि मधूनमधून सात छोटी टिपणं येतात, दीड-दोन पानांची, एका ‘मी’च्या तोंडची. हा ‘मी’ म्हणजे खुनी. तो पुरुष आहे की स्त्री हेसुद्धा वाचकाला कळता कामा नये, कारण संशयितांत दोनच बायका आहेत. एवढं कळलं की निम्म्याहून अधिक नावं गळतात.

मराठीत हे किती अवघड आहे याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं. ‘मी गेलो’ म्हणायचं की ‘मी गेले’, ‘मी बघतो’ की ‘मी बघते’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. लेखकानं यातून वाट काढली ती सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळातून. ‘मी दार लोटलं. मी घड्याळ काढून ठेवलं.’ इथे क्रियापद दाराच्या आणि घड्याळाच्या लिंगाप्रमाणे चालतं, ‘मी’ नामानिराळा राहतो. अकर्मक क्रियापद आलं की वळसा: ‘मी आत गेलो’च्या जागी ‘पाय आत पडला’, ‘मी घाबरलो’च्या जागी ‘छातीत धडधडलं’. ‘विसरणं’ हे सकर्मक असूनही दगा देतं, कारण ‘मी किल्ली विसरलो’ किंवा ‘विसरले’ असंच म्हणावं लागतं. म्हणून तिथे ‘किल्ली लक्षात राहिली नाही’. ‘म्हणालो’ चालत नाही, ‘म्हटलं’ चालतं. भविष्यकाळ तेवढा मोकळा. ‘उद्या मी पुन्हा येईन’ हे कुणीही म्हणू शकतं.

सातही टिपणं अशी लिहिलेली आहेत आणि वाचताना कुठेही ठेच लागत नाही. पहिल्या वाचनात ही कसरत माझ्या लक्षातही आली नव्हती. लेखकानं सांगितल्यावर पुन्हा वाचलं आणि त्या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटले. एवढ्या कष्टानं दडवलेली गोष्ट आमच्या हातून फुटली, हे मला म्हणूनच जास्त लागलं.

आम्ही बुजवलेलं एक भोक

निवेदनासाठी एकच आवाज घ्यायचा, हा निर्णय पहिल्याच बैठकीत झाला. आजी गोष्ट सांगते तेव्हा राक्षसही तीच असते आणि राजकन्याही तीच, आणि ऐकणाऱ्या पोराला त्यात काही चुकीचं वाटत नाही. एकाच आवाजाला सगळी पात्रं बहाल करायची, ही सवलत श्रोता आपण होऊन देतो. त्यामुळे निवेदिका बाई आहे म्हणून टिपणातला ‘मी’ बाई असेल, असा अर्थ कुणी काढत नाही. तिनं पुरुष पात्रांचे संवाद म्हटले तरी कुणी काढत नाही. आमचा हा हिशेब चुकीचा नव्हता, आजही नाही.

ध्वनिमुद्रण सहा दिवस चाललं. तिसऱ्या टिपणात एक वाक्य आहे: ‘मी खिडकीतून बघत आहे.’ बोलताना असं कुणी म्हणत नाही. जीभ आपसूक घसरते. तिनं वाचलं, ‘मी खिडकीतून बघतेय.’ स्टुडिओत आम्ही तिघं होतो; ती, ध्वनितंत्रज्ञ आणि मी. वाक्य इतकं सहज आलं की तिघांनाही काही खटकलं नाही. पुढे मजकूर समोर धरून अक्षरन् अक्षर ऐकणाऱ्या सहकाऱ्यानं ते पकडलं. ‘आहे’चा ‘तेय’ झाल्यानं सगळं पुस्तक तिसऱ्या टिपणातच संपलं असतं.

तेवढं वाक्य पुन्हा मुद्रित केलं, जागेवर बसवलं. त्यानंतर सातही टिपणं मी स्वतः दोनदा ऐकली, फक्त क्रियापदांसाठी. एकही चूक सापडली नाही आणि मी निर्धास्त झाले. व्याकरणाच्या दारावर मी पहारा ठेवला होता. गळती दुसरीकडून होती.

श्रोते काय म्हणत होते

अभिप्राय मी एका वहीत उतरवून काढले. त्यातले पुष्कळसे नेहमीचेच होते आणि त्यांच्यावर फार वेळ घालवण्याचं कारण नव्हतं. दोन पात्रांची नावं ‘सु’नं सुरू होतात, ती कानाला सारखीच वाटतात (खरं आहे; कागदावर डोळा शब्दाचा आकार ओळखतो, कानाला ती सोय नाही). प्रकरणांच्या मधलं संगीत झोप उडवतं. ‘शवविच्छेदन’ हा शब्द एका ठिकाणी घाईत उच्चारला गेलाय. पोलिस अधिकाऱ्याचा आवाज छान जमलाय. काही जणांना पात्रांचे आवाज आणखी वेगळे हवे होते, तर काहींना ‘नाटक नको, पुस्तक वाचा’ असं वाटत होतं. श्रुतिका ऐकायची सवय असलेला आणि पुस्तकं वाचायची सवय असलेला श्रोता यांच्यात हा वाद कायम राहणार आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सात टिपणांबद्दल मात्र जवळजवळ प्रत्येकानं आवर्जून लिहिलं होतं. ‘अंगावर काटा आला.’ ‘कानाशी कुणी कुजबुजतंय असं वाटलं.’ ‘हेडफोन काढून ठेवावा लागला.’ आणि याच मंडळींपैकी बऱ्याच जणांनी चार ओळी खाली लिहिलं होतं, की कथा अंदाज येण्यासारखी.

ऑडिबलसारख्या ठिकाणी श्रोत्याला एकूण अनुभव, सादरीकरण आणि कथा असे तीन वेगळे गुण देता येतात. आमचं पुस्तक जिथे होतं तिथेही कथा आणि निवेदन यांचे गुण वेगळे होते. ही पद्धत मला न्याय्य वाटते, कारण रटाळ वाचनामुळे चांगल्या लेखकाचं नुकसान होऊ नये. पण रहस्यकथेच्या बाबतीत तिच्यात एक खाच आहे. शेवटाचा अंदाज आला तर तो का आला, हे श्रोत्याला सांगता येत नाही. दुवा शब्दातून मिळाला की आवाजातून, हे त्याच्या मनात वेगळं राहतच नाही. ‘मला कळलं’ एवढंच उरतं आणि त्याचा दोष तो स्वाभाविकपणे कथेला देतो. निवेदनाची चूक कथेच्या खात्यावर जमा होते. उलट तीच चूक अंगावर काटा आणत असेल, तर निवेदनाचे गुण वाढतात.

आमचं नेमकं असंच झालं असेल का, हा संशय मला वही लिहिता लिहिताच आला.

नऊ जणांशी बोलणं

ज्यांनी सविस्तर लिहिलं होतं त्यांच्यापैकी नऊ जण बोलायला तयार झाले. काहींना खुनी आधी कळला होता, काहींना नव्हता. प्रत्येकाला मी दोनच प्रश्न विचारले: नाव मनात पहिल्यांदा कुठे आलं, आणि तुम्ही कसं ऐकता?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं चकित करणारी होती. ज्यांना आधी कळलं त्यांनी सगळ्यांनी एकच जागा सांगितली. नवव्या प्रकरणात तपास अधिकारी मृताच्या शेजारणीच्या दारात उभा राहतो आणि ती म्हणते, ‘या ना आत. चहा ठेवते.’ एवढंच. या वाक्यात लेखकानं कुठलाही दुवा ठेवलेला नाही. छापील पुस्तकात ते पान मी पुन्हा उघडून पाहिलं. एका एकट्या राहणाऱ्या, निवृत्त, गप्पांना आसुसलेल्या बाईचं ते साधं बोलणं आहे. वाचकाची नजर तिथून क्षणात पुढे सरकते.

‘त्या वाक्यात तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारल्यावर कुणालाच नीट सांगता येईना. एका बाईंनी म्हटलं, ‘अहो, काही वाटलं नाही. ओळखीचं वाटलं.’

मी तो शब्द वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

दुसरा प्रश्न मी केवळ सवयीनं विचारला होता, आणि कोडं सुटलं ते त्यानंच. ज्यांना शेवटपर्यंत कळलं नाही त्यांच्यातले बहुतेक जण दीडपट किंवा त्याहून जास्त वेगानं ऐकणारे होते. ज्यांना कळलं ते जवळपास सगळे मूळ वेगानं, हेडफोन लावून, रात्री. म्हणजे जे लक्षपूर्वक, निवांत ऐकत होते त्यांचाच रसभंग झाला होता. नऊ माणसांवरून नियम काढता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण कुठे बघायचं ते कळलं. वेग वाढवला की शब्द शाबूत राहतात. आखडतात त्या शब्दांमधल्या जागा.

त्या रात्री मी दुसरं टिपण आणि नववं प्रकरण संपादनाच्या पडद्यावर एकाखाली एक लावून ठेवलं. आवाजाची आकृती डोळ्यांनी पाहताना शब्द कळत नाहीत, पण शांतता कुठे आहे ते लख्ख दिसतं. टिपणातल्या वाक्यांच्या आधी एक छोटा फुगवटा होता, नाकातून घेतलेल्या श्वासाचा, आणि त्यानंतर पहिल्या शब्दाआधी एक रिकामी जागा. दोन्ही मिळून साधारण सहा दशांश सेकंद. खालच्या ओळीत शेजारणीच्या ‘या ना आत’च्या आधी तोच फुगवटा, तीच रिकामी जागा. इतर कुठल्याही पात्राच्या वाक्याआधी असं नव्हतं. दीडपट वेगानं ऐकलं तर ते सहा दशांशाचे चार दशांश होतात, आणि काही ॲपमध्ये शांतता आपोआप गाळण्याची सोय असते, तिथे तर काहीच उरत नाही. घाईनं ऐकणाऱ्यांना लेखकाचं पुस्तक जसंच्या तसं मिळालं होतं.

हे आलं कुठून

दुसऱ्या दिवशी निवेदिकेला बोलावून घेतलं आणि दोन्ही तुकडे ऐकवले. ती पुष्कळ वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘अगं, हे मी मुद्दाम केलेलं नाही.’ आणि थोड्या वेळानं, ‘पण हे तूच सांगितलं होतंस.’

माझ्या दिग्दर्शनाच्या नोंदी मी काढल्या. पहिल्या दिवशी, पहिल्या टिपणाच्या समासात माझ्याच अक्षरात होतं: ‘घाई नको. प्रत्येक वाक्याआधी श्वास ऐकू येऊ दे.’ तिसऱ्या दिवशी, शेजारणीच्या पहिल्या संवादापाशी: ‘बोलायच्या आधी जरा थांबू दे. प्रत्येक वाक्य आधी तपासून घेतेय असं वाटावं.’ दोन दिवसांच्या अंतरानं मी एकच सूचना दोनदा दिली होती. दिली, कारण मला शेवट माहीत होता. त्या बाईच्या पोटात काय दडलंय हे मला ठाऊक होतं आणि ते मला आवाजात हवं होतं. नवव्या प्रकरणातल्या श्रोत्याला ते ठाऊक असता कामा नये, हे भान सुटलं.

यात आणखी दोन गोष्टींनी भर घातली. टिपणं अंगावर यावीत म्हणून ती मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन वाचत होती. दिशात्मक मायक्रोफोनच्या जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो, श्वासही मोठा येतो. एरवी संपादनात श्वास कमी करतात किंवा काढून टाकतात. आमच्या संपादकानं तो दोनच ठिकाणी ठेवला, टिपणांत आणि शेजारणीच्या तोंडी, कारण दोन्हीकडे तो ‘अभिनयाचा भाग’ आहे हे त्याला ऐकू येत होतं. त्याचा कान चांगला होता म्हणून त्यानं ठेवला. बाकी सहा-सात पात्रांचे श्वास त्यानं पुसले आणि दोघांचे राखले. श्रोत्याच्या हातात आम्ही जोडीच दिली.

यावर एका श्रोत्यानं मला मनापासून सुचवलं होतं, की निवेदकाला शेवट सांगूच नये. त्यालाही प्रकरणागणिक कळत जावा. ऐकायला हे छान वाटतं, पण मला मान्य नाही. संपूर्ण पुस्तक आधी वाचून मगच माईकसमोर बसायचं, हा या कामातला पहिला धडा आहे. चौथ्या प्रकरणात एखाद्या पात्राला चिरका आवाज दिला आणि अठ्ठाविसाव्यात त्याच पात्राचा सहा पानांचा कबुलीजबाब आला, तर तो चिरका आवाज सहा पानं कोण ऐकेल? शिवाय लेखक कधीकधी विसाव्या प्रकरणात सहज लिहून जातो, की त्याचा आवाज घोगरा होता. निवेदकाला माहीत असायलाच हवं. माहीत असून आवाजाला कळू न देणं, हे खरं काम आहे. रहस्यकथा वाचणारा माणूस पात्रं उभी करतो हे खरंच, पण त्याहून आधी तो एका गुपिताचा राखणदार असतो.

ही अडचण नवी नाही. १९३५ साली ब्रिटनमध्ये अंध लोकांसाठी, त्यात पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिकही होते, बोलती पुस्तकं सुरू झाली, तेव्हा पहिल्यावहिल्या तबकड्यांमध्ये अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी होती. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना माहीत आहे, की तिथे सगळा डोलारा कथा सांगणाऱ्याच्या सुरावर उभा आहे. तो पहिला वाचक माईकसमोर बसला तेव्हा त्याला शेवट नक्कीच ठाऊक असणार. एकही चुकार सूर लागू न देता त्यानं ती तबकड्यांवर कशी उतरवली असेल, याचा विचार मी या सगळ्या दिवसांत बऱ्याचदा केला.

दुरुस्ती

सात टिपणं मिळून अर्ध्या तासाच्या आतली, आणि शेजारणीचे तीन प्रकरणांतले संवाद. पुन्हा मुद्रण करायचं हे ठरलं. कसं, यावर आमचं बरंच वाजलं.

टिपणांसाठी दुसरा आवाज घ्यावा, ही पहिली सूचना. ती टिकण्यासारखी नव्हती. पुस्तकभर एकच आवाज असताना सात ठिकाणी वेगळा माणूस आला की तो पात्र होतो, श्रोत्यानं एकट्या आवाजाला दिलेली सवलत त्याला लागू होत नाही. बाई आली तर खुनी बाई, पुरुष आला तर खुनी पुरुष. लेखकानं क्रियापदांशी केलेली झुंज पहिल्याच सेकंदाला पाण्यात.

यंत्रानं आवाज बदलून पाहिला. तोंड झाकून मुलाखत देणाऱ्या साक्षीदारासारखा तो वाटायला लागला. दोन मिनिटांत बंद केला.

तिसरी सूचना निवेदिकेची होती आणि ती मला मोहात पाडून गेली. ‘बाकीच्या दोन-तीन संशयितांनाही तोच श्वास देऊ. म्हणजे श्रोता चकेल.’ तांत्रिकदृष्ट्या सोपं होतं. पण मन घेईना. १९२९ मध्ये इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. तपास करणाऱ्याला जो दुवा सापडेल तो वाचकासमोर ठेवायलाच हवा, असं त्यातला एक नियम सांगतो. खेळ सरळ व्हावा, हा त्या नियमांमागचा आग्रह आहे. लेखकानं ‘मी दार लोटलं’ असं लिहिलं तेव्हा त्यानं दडवलं, पण खोटं सांगितलं नाही. एकदाही ‘गेलो’ लिहून फसवलं नाही. मग आवाजानं तरी खोटी साक्ष का द्यावी? निर्दोष पात्राच्या तोंडी खुन्याचा श्वास घालणं म्हणजे लेखकानं न लिहिलेला पुरावा पेरणं. हे मी तिला सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं नाही, पण तिनं ऐकलं.

शेवटी जे केलं ते सर्वांत साधं होतं. टिपणं तृतीय पुरुषी निवेदनाच्याच सुरात वाचायची. माईकपासून तेवढंच अंतर, तोच वेग, श्वास सगळीकडचे सारखे काढलेले. काटा आणायचा तर तो शब्दांनी आणावा. मी तिला मजकूर दिला तो मूळ पुस्तकातून नाही, सात सुट्या कागदांवर टाइप करून, मागचं-पुढचं काही न ठेवता. सगळी एकाच बैठकीत घेतली. वेळ मात्र पहिल्या मुद्रणाचीच, सकाळी अकराची. सकाळचा आवाज दुपारपेक्षा खाली असतो आणि जोड दिलेला तुकडा तिथेच उघडा पडतो. वाक्यांमधल्या जागा भरायला त्याच खोलीची शांतता मुद्रित करून घेतली, कारण निव्वळ कोरी जागा कानाला बंद पडल्यासारखी वाटते.

पहिल्या दोन टिपणांना ती चाचपडत होती. सवयीचा आधार काढून घेतल्यावर असंच होतं. तिसऱ्याला ‘मी खिडकीतून बघत आहे’ हे वाक्य आलं आणि तिनं ते असं म्हटलं, की ‘आहे’ या एरवी पुस्तकी वाटणाऱ्या शब्दातच गारठा भरला. कुजबुज नाही, श्वास नाही. काचेच्या आत माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. माझ्या मते त्या संपूर्ण पुस्तकातलं तिचं ते सर्वांत चांगलं वाक्य आहे.

नंतर

नवी आवृत्ती जुन्याच्या जागी आली. त्यानंतरच्या अभिप्रायांत ‘आधीच कळलं’ हे वाक्य विरळ झालं. ‘टिपणं जरा सपाट वाचली आहेत’ हे नव्यानं दिसू लागलं. आधीची आवृत्ती आवडलेल्या एका श्रोत्यानं तर रागानं लिहिलं, की माझी आवडती कुजबुज का काढलीत? त्यांचं दुःख मला समजतं. त्यांना जे आवडलं होतं ते खरोखर चांगलं वाचन होतं. पण ते या पुस्तकाचं वाचन नव्हतं. निवेदनाच्या गुणांत थोडी घट आणि लेखकाला त्याचं रहस्य परत, हा सौदा मी कधीही करीन.

लेखकाला मी फोन करून सगळं सांगितलं, माझ्या समासातल्या दोन नोंदींसकट. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे माझं व्याकरण टिकलं म्हणा की.’ मी म्हटलं, ‘व्याकरण टिकलं, सर. आम्हीच श्वास सोडला.’

एका जागेवर निवेदिका अडून बसली. अठ्ठाविसाव्या प्रकरणात शेजारीण कबुली देते. तिथे तो थांबणारा श्वास परत आणायचा, असा तिचा हट्ट होता. तिथे दडवण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘आणि तसाच एक, फक्त एक, आधी कुठेतरी राहू दे. सरळ खेळायचं म्हणतेस ना? मग ऐकणाऱ्यालाही एक दुवा दे.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. टिपणांत आता श्वास नव्हता, त्यामुळे तो एकटा कुणाशीच जुळणार नव्हता; कबुलीजबाब ऐकून मागे गेलेल्यालाच तो सापडेल.

चौदाव्या प्रकरणात, शेजारीण फुलझाडांना पाणी घालताना अधिकाऱ्याला वेळ सांगते, त्या वाक्याआधी तो ठेवला आहे. आतापर्यंत एका श्रोत्यानं तो ओळखून लिहिलं, तेही दुसऱ्यांदा ऐकताना.